बीटी कापूस, चोर बीटी आणि इतर जीएम पिके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक कापूस उत्पादकांचे आहेत, काही ग्राहकांचे. ‘जीएम (जनुकीय बदल केलेलं पीक) चांगलं की वाईट?’ असा सरसकट प्रश्न रोज येतो, पण त्याला एक उत्तर नाही. कोणते जनुक, कोणत्या पिकात आणि ते पीक शेतात कसे घेतले जाते, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय फायदाही कळत नाही आणि धोकाही. म्हणून खालची उत्तरे एकेका मुद्द्यापुरती आहेत. एका उत्तरातले दुसऱ्यात पुन्हा सांगितलेले नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जीएम बियाणं आणि हायब्रीड बियाणं एकच का?

नाही. हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर लावून तो शेतातच करतात. जीएम पिकात हव्या त्या गुणाचे जनुक प्रयोगशाळेत पेशीत घालतात आणि त्या पेशीपासून रोप वाढवतात. हे जनुक बहुधा दुसऱ्याच एखाद्या जीवाचे असते. बीटी कापसात ते जमिनीतल्या एका जिवाणूचे आहे.

गोंधळ होतो, कारण बाजारातले जवळजवळ सगळे बीटी कापसाचे बियाणे हायब्रीडही असते आणि जीएमही. दरवर्षी नवीन पाकीट घ्यावे लागते, खत जास्त लागते, पीक शेतात फार दिवस उभे राहते या तक्रारी हायब्रीडच्या आहेत, बीटी जनुकाच्या नाहीत. सार्वजनिक संशोधन संस्थांनी बीटीचे सरळ वाणही काढले आहेत, पण दुकानांत हायब्रीडचेच राज्य आहे.

२. बीटी खाऊन अळी मरते, मग माणसाला कसं काही होत नाही?

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. त्याचे प्रथिन अळीच्या आतड्यात विरघळते, कारण तिथला रस अल्कधर्मी असतो. विरघळल्यावर ते आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागांना चिकटते, पेशींना भोके पडतात, काही तासांत अळी खाणे सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. माणसाच्या आणि गुरांच्या आतड्यात अशा जागा नाहीत. शिवाय माणसाच्या जठरात आम्ल असते, त्यात हे प्रथिन इतर प्रथिनांसारखे पचून जाते. याच जिवाणूची फवारणीची औषधे गेल्या शतकातल्या चौथ्या दशकापासून वापरात आहेत आणि सेंद्रिय शेतीतही ती चालतात.

एक गोष्ट शेतकऱ्याने लक्षात ठेवावी. विष पोटात गेले तरच काम होते, आणि लहान अळीवर ते जास्त चालते. दुसऱ्या झाडावर वाढून मोठी झालेली अळी बीटीच्या बोंडावर आली, तर ती तग धरू शकते.

३. भारतात कोणकोणती जीएम पिकं कायदेशीर आहेत? बिनबियांचं कलिंगड जीएम असतं का?

व्यापारी लागवडीत फक्त कापूस आहे. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने, म्हणजे जीईएसीने, २६ मार्च २००२ रोजी पहिल्या तीन बीटी हायब्रीडना परवानगी दिली. त्यांत क्राय१एसी हे एकच जनुक होते. यालाच बोलगार्ड-१ म्हणतात. २००६ मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन जनुके असलेले बोलगार्ड-२ आले.

बिनबियांचे कलिंगड जीएम नाही. त्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी धरत नाही, आणि ते साध्या संकरातून करतात. मोठ्या आकाराची वांगी, लाल-पिवळी ढोबळी मिरची, शेतातला मका यांपैकी कशाचेही जीएम वाण इथे मंजूर नाही. जीएम पिकांपासूनचे अन्न मात्र आपल्याकडे येते, ते आयात खाद्यतेलातून. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधले सोयाबीन बहुतांश जीएम असते. २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंडही कोंबडीखाद्यासाठी आणू दिली. आयात होणाऱ्या २४ अन्नपिकांच्या मालाला मात्र १ मार्च २०२१ पासून ‘जीएम नाही’ असा दाखला लागतो आणि नकळत झालेली भेसळ १ टक्क्यापर्यंतच चालते. वांगे आणि मोहरीचे काय झाले ते प्रश्न १६ मध्ये आहे.

४. बीटीमुळे उत्पादन खरंच वाढलं की ही नुसती जाहिरात?

वाढले, पण सगळी वाढ बीटीची नाही. २००१-०२ मध्ये देशाची सरासरी हेक्टरी ३०८ किलो रुई होती. २००७-०८ मध्ये ती ५५० च्या वर गेली. त्याच काळात गुजरातमध्ये सिंचन वाढले, हायब्रीडखालचे क्षेत्र वाढले, खताचा वापर वाढला आणि रसशोषक किडींवरची नवी बीजप्रक्रिया आली. या सगळ्यांतला बीटीचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. २००७-०८ नंतर मात्र सरासरी जवळजवळ तिथेच थांबली आणि अलीकडे खाली आली, हे आकड्यांत स्पष्ट दिसते.

निर्विवाद फायदा एकच आहे आणि तो मोठा आहे: हिरवी, म्हणजे अमेरिकन, बोंडअळी आटोक्यात आली. २००१ च्या हंगामात तिने शेतेच्या शेते खाल्ली होती. त्याच वर्षी गुजरातेत बिनपरवानगी लावलेला बीटी कापूस तेवढा हिरवा उभा राहिला, म्हणून तो उघडकीला आला. त्या काळी या एका अळीसाठी एकामागून एक फवारे मारावे लागत. तो खर्च आणि तो विषाचा संपर्क कमी झाला. पुढे रसशोषक किडी आणि गुलाबी बोंडअळीमुळे फवारणीचा खर्च पुन्हा चढला, हेही तितकेच खरे आहे.

५. पाकिटावर बोलगार्ड-२ लिहिलेलं असताना गुलाबी बोंडअळी का लागते?

कारण ती प्रतिकारक झाली आहे. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत ती क्राय१एसीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. २०१४-१५ च्या सुमारास तिथेच बोलगार्ड-२ वरही ती जगू लागली. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातल्या कपाशीची बोंडे तिने पोखरली. आज महाराष्ट्रात बीटी आहे म्हणून गुलाबी बोंडअळीपासून संरक्षण आहे असे धरून चालणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे आहे.

असे होण्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते, त्यामुळे बीटी न खाल्लेले पतंग निसर्गात कायम असतात. गुलाबी अळीचे पोट जवळजवळ फक्त कापसावर आहे आणि शिवारात सगळीकडे बीटीच कापूस. आपली हायब्रीड लांब मुदतीची, शिवाय फरदड, म्हणजे वेचणीनंतर पाणी देऊन पुढे राखलेले पीक. पीक सात-आठ महिने उभे राहते आणि अळीच्या पिढ्यांमागून पिढ्या त्याच विषावर पोसतात. झाड म्हातारे झाले की बीटी प्रथिनाचे प्रमाणही घटते. साधारण ११० दिवसांनंतर ते इतके उतरते की दणकट अळ्या वाचतात. अळीला पुरते मारणारे विष एक वेळ ठीक, पण अर्धवट विष ही प्रतिकारक अळी तयार करण्याची सर्वात सोपी रीत आहे.

अजून एक कारण बोंडाच्या आत आहे आणि त्याकडे फारच कमी लक्ष जाते. हायब्रीडच्या एका पालकात बीटी आणि दुसऱ्यात नाही, असे असेल तर शेतातल्या झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते. अशा झाडाच्या बोंडात सरकी धरताना जनुके वाटली जातात: चारातल्या एका सरकीत क्राय१एसी नसते आणि सोळातल्या एकीत दोन्हीही नसतात. एका बोंडात २८ सरक्या धरल्या, तर सुमारे सातांत पहिले विष नाही आणि एक-दोन पूर्णपणे बिनविषारी. गुलाबी अळी पानावर जगत नाही. ती बोंडात शिरून सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी घास आलटून पालटून मिळतो. अमेरिकेत बीटीचे सरळ वाण लावतात, तिथे बोंडातली प्रत्येक सरकी बीटीच असते. तिथल्या शेतकऱ्यांनी बीटी, बिगर-बीटीचा आश्रयपट्टा (प्रश्न ६) आणि वंध्य पतंग सोडणे हे तिन्ही शिस्तीने केले. २०१८ मध्ये त्या देशाच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर झाले. जनुके तीच होती, फरक वापरात पडला.

६. रेफ्युजीचं बियाणं कशासाठी? ते नाही लावलं तर चालतं का?

बीटीच्या शेतात वाचलेला एखादा प्रतिकारक पतंग दुसऱ्या प्रतिकारक पतंगाला भेटला, तर पुढची सगळी पिढी प्रतिकारक होते. शेजारी बिगर-बीटीवर वाढलेले साधे पतंग भरपूर असतील, तर त्याची गाठ त्यांच्याशी पडते आणि त्यांची पिल्ले बीटी खाऊन बहुधा मरतात. रेफ्युजी एवढ्यासाठीच.

पूर्वी ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची वेगळी पुडी मिळे. शेताभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतले जे जास्त असेल तेवढे लावायचे असा नियम होता. ती पुडी बांधावर पडून राहायची. आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळलेले असते: ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ५ ते १० टक्के. ते वेगळे काढता येत नाही आणि काढायचेही नाही. शेतात अधूनमधून एखादे झाड जास्त पोखरलेले दिसले, तर ते या मिश्रणातले असू शकते; त्यावरून पाकीट बोगस ठरवू नका.

तूर लावली की रेफ्युजी झाली, असे बरेच जण समजतात. तूर हिरव्या बोंडअळीसाठी आश्रय ठरते, गुलाबीसाठी नाही, कारण गुलाबी अळी तुरीवर जगतच नाही.

७. गुलाबी बोंडअळी आली हे कसं ओळखायचं आणि फवारा नेमका कधी मारायचा?

बोंड बाहेरून पाहून कळत नाही, आणि फसगत होते ती इथेच. अंड्यातून निघालेली अळी केसासारखी बारीक असते. ती कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरलेले छिद्र बुजून जाते. बोंड हिरवे, टवटवीत दिसते. ते फोडल्यावर पाकळीच्या आतल्या कडेला बारीक गाठ किंवा नागमोडी रेघ, पोखरलेली सरकी आणि गुलाबी पट्ट्यांची अळी दिसते. बोंडावर दीड-दोन मिलिमीटरचे स्वच्छ गोल भोक दिसत असेल, तर अळी खाऊन पिऊन बाहेर पडलेली आहे. त्या बोंडासाठी आता काही करण्यासारखे राहिलेले नाही. फुलाची खूण सोपी आहे: पाकळ्या धाग्यांनी आतून शिवल्यासारख्या होतात आणि फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखे राहते. हीच डोमकळी.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदला आणि बदलताना हात स्वच्छ ठेवा. हाताला दुसऱ्या किडीच्या ल्यूरचा वास असेल, तर पतंग येत नाहीत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. सोबत दर आठवड्याला एकरातून फिरत २० झाडांवरची १०-२० दिवसांची २० हिरवी बोंडे तोडून फोडा. दोन बोंडांत जिवंत अळी मिळाली, म्हणजे १० टक्के, मग फवारा. डोमकळ्यांनाही हीच १० टक्क्यांची मर्यादा लावा.

पहिल्या दोन महिन्यांत रासायनिक फवाऱ्याची घाई करू नका. डोमकळ्या तोडून नष्ट करा आणि ५ टक्के निंबोळी अर्क मारा. पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि पाणी घालून १०० लिटर करा. तो त्याच दिवशी वापरा. शिळ्या अर्काचा गुण जातो. ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डे लावायची असतील, तर एकरी ६०,००० अंड्यांच्या हिशेबाने लावा आणि त्या आठवड्यात रासायनिक फवारा टाळा, नाहीतर मित्रकीटकच मरतात.

पातळी ओलांडल्यावर ६० ते ९० दिवसांच्या पिकात क्विनॉलफॉस २० ए.एफ. लिटरला २ मिली किंवा थायोडीकार्ब ७५ डब्ल्यू.पी. लिटरला २ ग्रॅम. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे १२० दिवसांच्या आधी नकोत. त्यांनी पांढरी माशी उसळते. दोन-तीन औषधे एकत्र करून मारायची सवय सोडा. बोंडाच्या आतल्या अळीला कोणतेच मिश्रण पोहोचत नाही, फवारा लागू पडतो तो पतंगाला आणि नुकत्याच निघालेल्या अळीला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, वाऱ्याच्या तोंडाला, तोंडावर फडके न बांधता आणि हातमोजे न घालता कुणालाही फवारायला उतरवू नका.

८. पाणी असेल तर फरदड घ्यायला काय हरकत आहे?

हरकत पुढच्या हंगामाची आहे, आणि ती तुमच्या एकट्याच्या शेतापुरती राहत नाही. डिसेंबरनंतर पाणी दिले की नवी पाते (कळ्या) आणि फुले येतात आणि त्यांवर अळीची आणखी एक-दोन पिढ्यांची सोय होते. थंडी संपताना अळी सरकीत, किडक्या बोंडात किंवा जमिनीवरच्या पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर येते.

म्हणून डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पीक काढून टाका. शेळ्या-मेंढ्या चारून राहिलेली हिरवी बोंडे संपवा. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवू नका. श्रेडरने बारीक करून मातीत मिसळा किंवा कंपोस्टला घाला. घरात साठवलेला कापूस पावसाळ्यापर्यंत ठेवला, तर पतंग तिथूनच निघतात. जिनिंगच्या आवारात सापळे लावायला सांगतात ते याचसाठी. मे महिन्यात धूळपेरणी किंवा ठिबकवर बागायती लावण केली, की पहिल्या पतंगांना नेमक्या वेळी पाते मिळते. जूनच्या पावसावर पेरणी झाली, तर सुरुवातीचे पतंग अंडी घालायला पाते न मिळाल्याने वाया जातात. हा उपाय फुकटचा आहे, फक्त सगळ्या गावाने मिळून करावा लागतो.

९. बीटीवर तुडतुडे आणि पांढरी माशी जास्त येते, हे बीटीमुळेच ना?

बीटी त्यांना बोलावत नाही, पण मारतही नाही. क्राय प्रथिने बोंडअळीवर्गीय अळ्यांसाठीच आहेत. पूर्वी बोंडअळीसाठी मारलेल्या औषधांत तुडतुडे, मावा, फुलकिडेही मरत. ते फवारे थांबले आणि या किडींना रान मोकळे झाले. बाजारातली कित्येक हायब्रीड पानांवर लव नसलेली असल्याने तुडतुड्यांना अधिक बळी पडतात. वाण निवडताना पानावर लव आहे का, हे जरूर पहा.

१०. बीटी हायब्रीडची सरकी घरी राखून पेरली तर?

कायद्याची अडचण नाही; २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, वापरण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. अडचण बियाण्याचीच आहे. हायब्रीडच्या दुसऱ्या पिढीत झाडे उंच-बुटकी, लवकर-उशिरा फुलणारी निघतात आणि प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे काही झाडांत बीटी अर्धेच राहते, काहींत मुळीच नाही. बियाणे राखायचेच असेल, तर सरळ वाण घ्या.

११. एचटीबीटी म्हणजे काय? सगळे लावतात, मग बेकायदा का?

एचटीबीटी, बाजारातले ‘चोर बीटी’, म्हणजे बीटीसोबत ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे जनुक घातलेला कापूस. ग्लायफोसेट झाडातले अमिनो आम्ल बनवणारे एक एन्झाइम बंद पाडते. घातलेले जनुक त्या एन्झाइमचे असे रूप बनवते की त्यावर तणनाशकाचा परिणाम होत नाही. तण जळते, कापूस राहतो. निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही, अशा वेळी शेतकरी याकडे का वळतो हे उघड आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरले, ते याच मागणीसाठी. ती मागणी रास्त आहे. पण आज विकले जाणारे पाकीट घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

या बियाण्याला जीईएसीची मंजुरी नाही. मंजुरीचा अर्ज २०१६ मध्ये कंपनीनेच मागे घेतला. त्यामुळे ते पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ च्या विरोधात जाते. जुन्या बातम्यांत यासाठी पाच वर्षे कैद असे वाचायला मिळते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्या तरतुदीत बदल करून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. बियाणे कायद्यांखालची कारवाई वेगळी.

शेतातला धोका त्याहून जवळचा आहे. पाकीट बिनबिलाचे, त्यामुळे उगवण झाली नाही तर दाद मागायला जागा नाही. बी भेसळीचे असेल, तर ग्लायफोसेट मारल्यावर जनुक नसलेली झाडे तणासोबत जळतात आणि ओळीत खिंडारे पडतात. काही पाकिटांत तणनाशक सहन करणारे जनुक असते, पण बीटीचा पत्ता नसतो. कपाशीत तुरीच्या ओळी असतील तर त्या मरतात, वारा असेल तर शेजारचे सोयाबीन जाते. तण तरी कायमचे जाते का? तेही नाही. वर्षानुवर्षे एकच तणनाशक मारले की त्याला न जुमानणारे तण उरते. अमेरिकेतल्या जॉर्जियात २००५ मध्ये राजगिऱ्याच्या कुळातले एक तण असेच हाताबाहेर गेले आणि तिथल्या कापूस शेतात पुन्हा हाताने उपटणी करावी लागली. शिवाय भारतात ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि पडीक जागा एवढाच वापर आहे. उभ्या कपाशीत त्याची शिफारस नाही.

१२. घेतलेलं बियाणं बीटी आहे का, हे घरी तपासता येतं का?

स्ट्रिपने येते. एकेक सरकी वेगळी चेचून सोबतच्या द्रावणात घोळवा, पट्टी बुडवा आणि ५ ते १० मिनिटे थांबा. दोन रेघा आल्या तर प्रथिन आहे. फक्त वरची आली तर नाही. एकही आली नाही तर पट्टीच खराब. क्राय१एसी, क्राय२एबी आणि तणनाशक सहनशीलता यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात. निदान २० सरक्या तपासा. एक-दोन नकारात्मक येणारच, कारण पाकिटात रेफ्युजी मिसळलेली आहे. पट्टी प्रथिन आहे की नाही एवढेच सांगते, किती आहे ते सांगत नाही.

१३. सरकीचं तेल आणि ढेप खाणाऱ्या गाईचं दूध सुरक्षित आहे का?

जनुकाने बनवलेली वस्तू प्रथिन असते आणि रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. ढेपेत ते असते, पण गुरांच्या पोटात पचते. दुधाच्या तपासण्यांत क्राय प्रथिन सापडलेले नाही. सरकीत काळजी करण्यासारखी खरी गोष्ट गॉसिपॉल आहे. ते नैसर्गिक विष बीटी आणि देशी दोन्ही कापसांत असते. मोठ्या जनावराचे कोठीपोट ते बऱ्याच अंशी निष्प्रभ करते, लहान वासरू आणि कोंबडी यांना ते बाधते. त्यांना कच्ची सरकी किंवा जास्त ढेप घालू नका. फवारलेल्या पऱ्हाटीत जनावरे सोडण्याआधी औषधाच्या लेबलवरचा प्रतीक्षा काळ पाळा.

१४. जीएम अन्नाने अ‍ॅलर्जी किंवा कॅन्सर होतो का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासले. बाजारातल्या जीएम पिकांपासून माणसाच्या आरोग्याला साध्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हा निष्कर्ष तपासून आलेल्या पिकांचा आहे. पुढे येणाऱ्या प्रत्येक पिकाला तो आपोआप लागू होत नाही.

अ‍ॅलर्जीचा धोका काल्पनिकही नाही. सोयाबीनमध्ये ब्राझील नटचे एक प्रथिन घातले होते. ते अ‍ॅलर्जी आणणारे निघाल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. तपासणीने तिथे आपले काम केले. २००० मध्ये अमेरिकेत फक्त पशुखाद्यासाठी मंजूर झालेला स्टारलिंक मका माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि माल परत घ्यावा लागला. तिथे माल वेगळा ठेवण्याची व्यवस्था फसली.

कॅन्सरची चर्चा मुख्यतः ग्लायफोसेटची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले; युरोप आणि अमेरिकेच्या नियामक संस्थांनी नेहमीच्या वापरात तसा धोका दिसत नाही असे म्हटले. दोघांचा प्रश्न वेगळा होता: एकाने पदार्थात ती क्षमता आहे का हे पाहिले, दुसऱ्यांनी प्रत्यक्ष किती शरीरात जाते ते पाहिले. फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर ते ग्राहकापेक्षा कितीतरी जास्त पडते, म्हणून काळजी आधी त्याची घ्यायला हवी.

१५. शेजारच्या बीटीचे पराग माझ्या देशी किंवा सेंद्रिय कापसावर आले तर?

देशी कापूस असेल तर निश्चिंत रहा. देशी कापसात २६ गुणसूत्रे आणि अमेरिकन जातीच्या बीटीत ५२. त्यांचा संकर शेतात सहजासहजी होत नाही. अमेरिकन जातीचाच बिगर-बीटी वाण लावला असेल, तर मधमाश्यांकडून काही पराग येऊ शकतात. कापसाचे पराग जड आणि चिकट असल्याने वाऱ्याने लांब जात नाहीत, त्यामुळे मधले अंतर आणि काठच्या ओळींचा कापूस वेगळा वेचणे याचा उपयोग होतो.

सेंद्रिय प्रमाणपत्रात जीएम बियाणे पूर्णपणे वर्ज्य आहे. मात्र भेसळ परागांपेक्षा बियाण्यातून आणि जिनिंगमधून जास्त होते. पेरणीआधी बियाणे स्ट्रिपने तपासा (प्रश्न १२), बिले जपा, वेचणीच्या गोण्या वेगळ्या ठेवा आणि जिनमध्ये आधीचा माल पूर्ण निघाल्यावरच आपला घाला.

१६. बीटी वांगं आणि जीएम मोहरी कुठे अडकली?

बीटी वांग्याला जीईएसीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दिला, पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. ती अजून उठलेली नाही. बांगलादेशने २०१३ मध्ये परवानगी दिली आणि तिथले शेतकरी ते लावत आहेत.

दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या डीएमएच-११ मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मुक्ततेची शिफारस मिळाली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर वेगवेगळे निकाल दिले. या मोहरीत तणनाशक सहन करणारे एक जनुक आहे, ते संकर तयार करण्यापुरते वापरलेले. ते शेतात तणनाशक मारण्याचे निमित्त होईल का, हा वादाचा एक मोठा मुद्दा आहे.

१७. जीनोम एडिटिंग केलेला भात आला म्हणतात. तो जीएमच ना?

कायद्याने नाही. जीनोम एडिटिंगमध्ये पिकाच्या स्वतःच्याच जनुकात ठरावीक जागी बारीक बदल करतात आणि अंतिम रोपात परके जनुक ठेवत नाहीत. अशा दोन प्रकारच्या बदलांना केंद्राने मार्च २०२२ मध्ये जीएमच्या काटेकोर नियमांतून वगळले. मे २०२५ मध्ये डीआरआर धान १०० (कमला) आणि पुसा डीएसटी राइस १ हे दोन वाण जाहीर झाले. बाहेरचे जनुक कायम ठेवणारे एडिटिंग मात्र आजही जीएमच्याच नियमांखाली येते.

१८. बीटीवर बोंडअळी आली, तर बियाणे कंपनीकडून भरपाई मिळते का?

नुसत्या अळीवरून हमखास मिळत नाही, कारण प्रतिकारक अळी हा पाकिटातल्या बियाण्याचा दोष ठरवणे अवघड जाते. २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी राज्याच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली जी-फॉर्म, म्हणजे भरपाईच्या तक्रारीचे अर्ज, भरले. कंपन्यांनी हाच युक्तिवाद करून दावे लढवले. उगवण कमी, भेसळ किंवा पाकिटावर लिहिलेले जनुकच नसणे या तक्रारी मात्र टिकतात.

त्यासाठी पक्के बिल, लॉट क्रमांक असलेली पिशवी आणि त्यातली मूठभर सरकी हंगाम संपेपर्यंत जपा. पिशवी खालच्या बाजूने फाडा, म्हणजे लेबल शाबूत राहते. उगवण फसली की दुबार पेरणीआधीच तालुका तक्रार निवारण समितीकडे किंवा कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शेत मोडल्यावर पंचनामा कशाचा करणार? पंचनाम्यावर लॉट क्रमांक आणि मोजलेल्या झाडांची संख्या लिहिली आहे ना, हे सही करण्याआधी वाचून घ्या. ग्राहक आयोगात गेल्यास हाच कागद पहिल्यांदा मागतात.